डावीकडचा उंदीर

पेणच्या गणपती कारखान्यांत मूर्तीला हात लावणारे पुष्कळ असतात, पण डोळ्यांची आखणी करणारं माणूस एखादंच. पुंडलिकशेठच्या कारखान्यात ते माणूस म्हणजे किमया. आली तेव्हा ती कानांना आणि सोंडेला रंग द्यायची. आता तिचा ब्रश लागल्याशिवाय तिथल्या एकाही मूर्तीला दृष्टी येत नव्हती. तिने आखलेली मूर्ती कुठूनही बघा, आपल्याकडेच बघते. दारातून बघा, खांबाआडून बघा, खाली मांडी घालून बघा. शेठ एरवी दर गोष्टीत नाक खुपसणारा, पण आखणीपुरता त्याने एक नियम केला होता. किमयाने एकदा बुबुळ ठेवलं की त्यावर कोणी बोलायचं नाही. तो स्वतःसुद्धा नाही.

त्या वर्षी रोह्याजवळच्या अष्टमी गावातल्या एका मंडळाला देखाव्यात नेहमीचा किल्ला नको होता. मंडळाचा नितेश मोबाईल पुढे करतच कारखान्यात शिरला. "शेठ, हे बघा. समुद्रातनं बोट येते, दार पडतं, जवान उतरतात, समोर शत्रूचं बेट. वर टेकडीवर आपला झेंडा. धूर, लाइट, धडामधुडूम, सगळं आम्ही करतो. तुम्ही फक्त बेट आणि माणसं द्या."

शेठने हो म्हटलं. शेठ कशालाही हो म्हणतो, निस्तरायचं असतं किमयाला.

आणि नेमका त्याच आठवड्यात तिचा धाकटा भाऊ प्रणित सुट्टीवर आला. तो लष्करात हवालदार, आणि त्याच्या पलटणीचं कामच हे होतं: जहाजातून बोटीत आणि बोटीतून किनाऱ्यावर. शेठने त्याला कारखान्याच्या दारातच गाठलं, चहा पाजला आणि म्हणाला, "वा! आता चूक काढायला कोणाच्या बापाची छाती नाय."

प्रणित हसला, पण ते हसू ओठांवरच राहिलं. किमयाने ते लगेच ओळखलं, तिचा धंदाच तो होता. चेहरा हसतोय आणि डोळे हसत नाहीत, अशी मूर्ती तिने कधी कारखान्याबाहेर जाऊ दिली नसती.

घरी आईला, काशीबाईला, वेगळंच काहीतरी खुपत होतं. प्रणित आला की एरवी दुपारपर्यंत लोळायचा आणि मग मित्रांच्या गाड्यांवरून वडखळपर्यंत उंडारायचा. या खेपेला त्याने गळका नळ बसवला, पंख्याची कुरकुर काढली, मागच्या दाराची निखळलेली पायरी सिमेंटने घट्ट केली. टीव्हीवर कुठल्यातरी लांबच्या बेटावरून तणाव वाढल्याची बातमी लागली की तो उठून टीव्ही बंद करायचा आणि म्हणायचा, "सराव हाय आमचा, आये. दरसालचा." काशीबाई मान हलवायची. पण एका सुट्टीत इतकी कामं करणारा माणूस सगळं आवरून निघालेला असतो, एवढं तिला कळत होतं. तिचा नवरा मिठागरावर राबून गेला, त्यानेही शेवटच्या महिन्यात असंच घर शाकारलं होतं.

कारखान्यात बेट तयार झालं. थर्माकोलवर प्लास्टर, पुढे वाळूची चिंचोळी पट्टी, मागे टेकडी, डाव्या अंगाला एक बाहेर आलेला कातळ. फळीला निळा रंग दिला, झाला समुद्र. जवान अजून साच्यात होते. पण मूषकांच्या साच्यातून दरसाल जास्तीचे उंदीर निघतात, ते एका फळीवर धूळ खात पडलेले. प्रणितने त्यातले मूठभर उचलले आणि समुद्रात मांडले.

"हे आमचे. आता तू तुझे मांड. तू शत्रू."

"मी कशाला शत्रू? मी तुझी बहीण हाय."

"म्हनून तर. दुसरा कोनी मला एवढा ओळखत नाय."

किमयाने हसत हसत आपले उंदीर वाळूवर एका ओळीत उभे केले, सगळे समुद्राकडे तोंड करून, शाळेच्या प्रार्थनेला उभे असावेत तसे. प्रणितने कपाळावर हात मारला. मग त्याने खेळाचा नियम सांगितला. मूर्तीचा मध्य धरायला कारखान्यात पांढरा दोरा असतो, तो घ्यायचा. उंदराच्या बुबुळावर एक टोक धरायचं, नजर जिकडे आहे तिकडे ताणायचा. मधे दगड न येता दोरा बोटीपर्यंत किंवा माणसापर्यंत पोचला, तर त्या उंदराने त्याला बघितलं.

"आणि बघितलं का मारलंच," प्रणित म्हणाला. "तिथं दुसरं काय नसतं."

उंदरांना डोळे हवेत म्हणून किमयाने ब्रश घेतला. कोणाची नजर कुठे, हे ती ठरवणार, आणि तिच्या आखणीवर कोणी बोलायचं नाही, हा नियम इथेही लागू झाला. पहिला डाव प्रणितने चुटकीसरशी जिंकला. मग त्याने एक चूक केली. फौजेत इतकी वर्षं काढलेल्या माणसाने करू नये अशी चूक, पण ताईला शिकवायची हौस लहानपणापासूनची.

"अशी समोर नजर ठेवायची नाय," तो म्हणाला. "समोर बघनाऱ्याला समोरचाच मारतो. तिरकं बघायचं. ह्याने त्याच्यापुढची वाळू बघायची, त्याने ह्याच्यापुढची. दोघांची नजर जिथं एकमेकीला कापते, तिथं आमची बोट येऊ द्यायची. घाई करायची नाय. दार पडेपर्यंत थांबायचं."

किमयाला हे सांगायची देर होती. तिरकी नजर, एकीला छेदणारी दुसरी नजर, कुठूनही बघितलं तरी आपल्याकडेच बघणारा डोळा. हेच तर ती रोज करत होती. दुसऱ्या दिवशी तिने उंदीर टेकडीच्या कुशीत, खाचांत, झुडपांआड बसवले. एक डाव्या कातळाच्या खोबणीत, कारण त्या कातळाखालून आडोशाने वर जायची एक वाट होती आणि ती मोकळी सोडणं तिला बरं वाटेना. पाण्यात मोदक ठेवले. प्रणित म्हणाला, "हे काय?" ती म्हणाली, "सुरुंग." तो खदखदून हसला. तेवढंच. नंतर तो हसला नाही, कारण त्याचे उंदीर वाळूवर पोचलेच नाहीत.

मग रोज दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, तोच खेळ. प्रणित उजवीकडून आला, मधून आला, दोन्हीकडून एकदम आला. धूर म्हणून कापूस पसरून आला. किमया दोरा ताणायची, दोरा बोटीच्या दाराशी पोचायचा. पहिल्यांदा तिला गंमत वाटली. कारखान्यातले कारागीर जमायचे, शेठ उगाच तिच्या बाजूने ओरडायचा. हळूहळू लोक यायचे बंद झाले. प्रणितचा चेहरा बघवत नव्हता कोणाला.

"तुमच्यात असे हरतात काय रे?" एकदा तिने चहा ओतता ओतता विचारलं.

"ताई, बेटावर बोट लावायला जागा किती असते सांग. दोन, नायतर तीन. बाकी कातळ. ती जागा त्यांनापन म्हायत. भरती कधी, ते त्यांनापन म्हायत. कुठल्या दगडापासून पानी किती लांब, ते त्यांनी पट्टी लावून मोजून ठेवलेलं. आमी येनार कुठं, कधी, ते आमच्याआधी त्यांनी ठरवलेलं असतं." त्याने चहा तसाच ठेवला. "जमिनीवर मार बसला तर मानूस मागं सरतो. तिथं मागं समुद्र. आनि पाठीवर एवढं वजन, का पडला तर कमरेएवढ्या पान्यात बुडतो."

"मग जातात कशाला?"

"कोनी तरी गेल्याबिगर बेट मिळत नाय." मग सहज सांगावं तसं तो म्हणाला, "मी पहिल्या बोटीत हाय. माझे नऊ पोरगे आनि मी."

किमयाने चहाचं भांडं खाली ठेवलं. "पहिल्या बोटीचं काय होतं?"

"मग दुसरी बोट येते," प्रणित म्हणाला.

त्या संध्याकाळी त्याने तिला खाडीवर नेलं. त्यांच्या गावापासून खाडीचं पाणी अडवणारा खारबंदिस्तीचा बांध लांब नाही. ओहोटी लागली होती, पाणी लांब सरलं होतं आणि बांधापासून पाण्यापर्यंत नुसता काळा चिखल चकाकत होता. प्रणितने पाठीवरच्या पिशवीत दगड भरले.

"तू बांधावर उभी ऱ्हा. मी पान्यातनं येतो. ढेकळं घे आनि मार मला."

"येडा झालास काय?"

"मार म्हनतो ना. लहानपनी कशी मारायचीस?"

तो पाण्याच्या कडेला जाऊन वळला आणि धावत सुटला. धावत म्हणजे काय, दोन पावलं धावला, तिसऱ्याला गुडघ्याएवढा रुतला. किमयाने ढेकूळ मारलं, ते त्याच्या खांद्यावर फुटलं. ती हसली. दुसरं छातीवर. तो पाय उपसून पुढे यायचा, पुन्हा रुतायचा. तिला नेम धरायची गरजच नव्हती, तो जिथं होता तिथंच होता. एकदा तो मधेच थांबला, डावीकडे जावं की उजवीकडे हे बघायला, आणि त्या तेवढ्या वेळात तिने त्याला एकामागून एक इतकी ढेकळं मारली की तिचे हात आपोआप चालत होते असं तिला नंतर वाटलं. मग ती एकदम थांबली. हातातलं ढेकूळ तिने खाली टाकलं आणि पदराला हात पुसत राहिली. तिला रडू फुटलं, आणि ते लपवायचंही तिला सुचलं नाही.

प्रणित बांधापाशी पोचला तेव्हा त्याचे फक्त डोळे पांढरे होते. तो बांधावर बसला, धापा टाकत. "बघितलंस?" तो म्हणाला. "आनि तू मला मारायला बघत नव्हतीस."

घरी परत आल्यावर तो न्हाणीत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. काशीबाई अंगणात त्याचे चिखलाचे कपडे खंगाळत होती. पाणी पुन्हा पुन्हा काळं निघत होतं. तिने किमयाला हाक मारून जवळ बसवलं.

"बाय, त्याला एकदा जिकू दे गो."

"खेळ हाय तो, आये."

"तुला खेळ. त्याला नाय." काशीबाईने शर्ट पिळला. "रोज हरून घरी येतो. ताटावरनं उठतो. असाच गेला तर तिथं काय करंल? मन मेलेलं घेऊन पान्यात उतरायचं काय? तुझ्या हातात हाय ना सगळं? मग दे की सोडून एक कोपरा."

"खोटं खेळू?"

"व्हय. खोटं खेळ."

किमया रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर झाली असं सांगितलं तर ते खरं नाही. दिवसभर उभी असलेली बाई ती, पडल्या पडल्या झोपली. पण सकाळी कारखान्यात सगळ्यांच्या आधी पोचली. कातळाच्या खोबणीतला डावीकडचा उंदीर तिने उचलला. त्याची नजर कातळाखालच्या वाटेवर रोखलेली होती. तिने पांढरा रंग घेऊन बुबुळ झाकलं, आणि काळं बुबुळ केसभर बाजूला ठेवलं. बस्स, केसभर. उंदीर आता वाटेच्या वरून, कुठल्यातरी मोकळ्या समुद्राकडे बघत होता. इतक्या वर्षांत तिने जाणूनबुजून चुकीची आखणी कधी केली नव्हती. दसऱ्याच्या दिवशी हत्यार पुजताना ती ब्रशाला हळदकुंकू लावायची. त्या ब्रशाकडे तिला क्षणभर बघवेना.

दुपारी काशीबाई मुद्दाम डबा घेऊन कारखान्यात आली आणि दारातच उभी राहिली. प्रणितने बोटी मांडल्या. आज त्याने फार विचार केल्याचं दिसत नव्हतं. एक बोट मधे पाठवली, ती मेली. दुसरी डावीकडून घातली, दार पाडलं आणि उंदीर कातळाखालच्या वाटेला लावले. किमयाने दोरा त्याच्या हातात दिला. स्वतः ताणायची तिला हिंमत झाली नाही.

प्रणितने डावीकडच्या उंदराच्या बुबुळावर दोरा टेकवला आणि ताणला. दोरा वाटेला न लागता वरून निघून गेला. त्याने दोऱ्याकडे बघितलं, मग उंदराकडे. जरा जास्तच वेळ बघितलं.

"हा कुठं बघतो गो?"

"माझी आखनी हाय," किमया म्हणाली. "मी सांगते ना. तो वाट बघत नाय."

प्रणितने मान वर केली. दारात काशीबाई डबा छातीशी धरून उभी होती. तिच्याकडे त्याने एकदा बघितलं, आणि मग एवढ्या मोठ्याने ओरडला की शेठच्या हातातला चहा सांडला. "जिकलो! आये, जिकलो बघ! डावीकडनं!" त्याने आपले उंदीर कातळाखालून वर नेले, मागून किमयाचे सगळे उंदीर एकेक करून आडवे पाडले आणि टेकडीवर झेंडा म्हणून कानकोरणं रोवलं. कारागीर धावत आले, टाळ्या पिटल्या. दोरा त्याने बोटाला गुंडाळून खिशात घातला. मग तिथंच बसून डब्यातलं सगळं जेवला, किमयाच्या वाटणीचंही. काशीबाई त्याच्याकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी रया आली होती.

दोन दिवसांनी देखावा टेम्पोत चढला. प्रणितची गाडी रोह्याहून होती म्हणून तोही टेम्पोतच बसला, आणि पोचल्यावर किरकोळ रंगकाम करायला किमया. नागोठण्याला रस्त्यावर पाणी यायचं बाकी होतं, अंबा नदी तुडुंब चालली होती. प्रणित सगळ्या रस्त्याने बडबडत होता. अष्टमीला देखावा उतरवून ती दोघं कुंडलिका नदीच्या पुलावरून चालत रोह्यात आली. पुलाच्या मध्यावर त्याने डाव्या हाताने एक वळण काढून दाखवलं.

"पोरांना आता हेच शिकवनार. दार पडलं का विचार करायचा नाय. डावीकडं."

किमया जागच्या जागी थांबली. तिने खेळात सोडलेला कोपरा हा पोरगा पाठीवर बांधून घेऊन चालला होता. "अरे पण," ती म्हणाली, "तिथलं बेट काय आपल्या बेटावानी असंल?"

"सगळी बेटं सारखीच," प्रणित म्हणाला आणि पुढे चालू लागला.

स्टेशनवर तिने तीनदा तोंड उघडलं. तीनदा त्याने काहीतरी गंमत सांगितली. त्याचा चेहरा हसत होता, आणि डोळेही हसत होते असं तिला वाटलं. ते मोडायला तिची जीभ उचलेना. गाडी आली, त्याने पिशवी आत फेकली आणि गेला.

त्यानंतरचे दिवस किमयाने कसे काढले ते तिचं तिला माहीत. गणपती तोंडावर आलेले, रोज ढिगाने मूर्ती, आणि दर मूर्तीला दोन डोळे. फोन यायचा तेव्हा काशीबाई आधी घ्यायची. किमयाच्या हातात येईपर्यंत मागून त्याच्या पोरांचा गलका ऐकू यायचा आणि एखादा ओरडायचा, "दीदी, चूहे कैसे हैं?" सगळ्यांना माहीत झालं होतं. सगळे त्या कोपऱ्यावर खूश होते. बोलायचं राहून जायचं. टीव्हीवर त्या बेटाचं नाव आता दर बातमीत येत होतं, आणि तिकडच्या किनाऱ्यावर काय काय बांधलंय याची वरून काढलेली चित्रं दाखवत होते. किमयाने एकदाच नीट बघितली. खाचा होत्या, तिरक्या, एकमेकींसमोर. कोणीतरी तिच्यासारखंच डोकं लावून बसवलं होतं सगळं.

चतुर्थीच्या आधी नितेशने तिला अष्टमीला बोलावून घेतलं. देखाव्यात जवान बसवून झाले होते, त्यांचे डोळे तिने कारखान्यातच आखले होते. आता टेकडीवरच्या शत्रूंचे तेवढे राहिले होते. मांडवात ती स्टुलावर चढली, ब्रश ओला केला, आणि फोन वाजला. प्रणित.

"ताई, ऐक. फोन जमा करतायत. आता सराव नाय."

मागे बुटांचा आवाज होता, लोखंडावर आपटणारा.

"पोरं तयार हायत. सगळ्यांना पाठ हाय. दार पडलं का डावीकडं."

"प्रणित, थांब, माझं ऐक." ती स्टुलावरून खाली उतरली. ब्रश हातातून पडला. "डावीकडचं खोटं हाय. तो उंदीर वाट बघत व्हता रे. मी सकाळी येऊन त्याचं बुबुळ सरकवलं. आये बोलली, त्याला जिकू दे, म्हनून. ती बाजू मोकळी नाय. कदी नव्हती. नको नेऊ पोरांना तिकडं. तुझ्या पाया पडते."

पलीकडे लोखंडावरचे बूट वाजतच होते.

"म्हायत हाय मला," प्रणित म्हणाला.

"काय?"

"पावसाच्या हवेत रंग ओलाच व्हता, ताई. दोऱ्याला काळं लागलं. तो दोरा अजून खिशात हाय माझ्या."

"मग बोलला का नायस?"

"आये दारात उभी व्हती ना."

प्रणित बोलत राहिला, हळू, घाईने, जवळच्या कोणाला ऐकू जाऊ नये असा.

"तू बांधावर व्हतीस. आठव. मी जास्त ढेकळं कवा खाल्ली? थांबलो तवा. कुठं जाऊ असा इचार करीत उभा ऱ्हायलो तवा. दारात जो इचार करतो तो तिथंच पडतो, आनि त्याच्या मागचे सगळे त्याच्यावर अडकतात. ह्या पोरांना एक बाजू सांगायला लागते. ती खरीच असली पायजे असं नाय. पन सांगनाऱ्याला ती खरी वाटते, एवढं त्यांना दिसलं पायजे."

"उजवीकडं ने मग. मधनं ने."

"तू तिथंपन उंदीर ठेवलेस, ताई," तो म्हणाला, आणि हसला. लहानपणचं हसू होतं ते, तिला शंका उरली नाही. "लई भारी आखनी तुझी. चल. आयेला यातलं काय सांगू नको."

फोन बंद झाला. किमयाने लगेच उलटा लावला. लागला नाही.

ती स्टुलावर बसून राहिली. मांडवात कोणीतरी धुराचं मशीन तपासत होतं, पांढरा धूर निळ्या फळीवर पसरला आणि बोटीच्या पडलेल्या दारातले जवान त्यात दिसेनासे झाले. पहिल्या जवानाचा पाय वाळूवर होता. टेकडीवर सगळे जागच्या जागी बसले होते, तोंडं खाली, डोळ्यांच्या जागी नुसतं पांढरं. किमयाने ब्रश उचलला, धुतला, फडक्याला पुसला आणि पिशवीत ठेवून दिला.

"ताई, शत्रूचे डोळे राहिले की," नितेश म्हणाला.

"राहू देत."

"अहो, पण उद्या लोक येनार. आंधळे दिसतील."

"माझी आखनी हाय," किमया म्हणाली. "त्यावर कोनी बोलायचं नाय."

ती मांडवाबाहेर पडून पुलावर आली तेव्हा पुन्हा फोन वाजला. काशीबाई. शेजारच्यांच्या टीव्हीवर काहीतरी सुरू झालं होतं, मागून माणसांचे आवाज येत होते.

"त्याचा फोन आलता काय गो तुला? मला लागत नाय."

"आलता. बरा हाय."

"खूश व्हता?"

"हसत व्हता, आये."

काशीबाईने श्वास सोडला, तो फोनमधून ऐकू आला. मग आवाज एकदम बारीक करून तिने विचारलं, "त्या उंदराचं त्याला कळलं नाय ना?"

पुलाखाली कुंडलिकेला भरती चढत होती. किमयाने कठड्याला धरलं.

"नाय, आये," ती म्हणाली. "त्याला वाटतं तोच जिकला."

"बरं झालं," काशीबाई म्हणाली. "तसाच जाऊ दे त्याला."